गुरगुऱ्याचा रजईचा अंगरखा

मित्रांनो, आधी दोन्ही कानांवर हात ठेवा, मग मी माझी ओळख करून देतो. मी एक जुना जनरेटर आहे. रंग एके काळी पिवळा होता. अंगाने शिवणयंत्राच्या पेटीहून थोडा मोठा, वजनाने तिच्याहून बराच जड. माझ्या टाकीत पेट्रोल ओतायचं, कुशीतली दोरी झटक्याने ओढायची, की मी धडधडू लागतो आणि माझ्या पोटावरच्या प्लगमधून वीज मिळू लागते. विजेचा खांब जिथे पोचत नाही तिथे मी पोचतो. आवाज म्हणाल तर असा, की गल्लीच्या टोकाला झोपलेलं मांजर उठून बसेल. पण एवढा मोठा घसा असून मला बोलता येत नाही. एक अक्षर नाही. आणि एकदा सुरू झालो की आपणहून थांबताही येत नाही. माझी सगळी गोष्ट या दोन दुखण्यांची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कोणी माझं इंजिन बसवलं, कोणी टाकी, कोणी खाली रबराचे पाय. रांगेच्या अगदी शेवटी एक मुलगी बसलेली असे. तिच्याजवळ लाल स्टिकरची गुंडाळी होती. तिने एक स्टिकर सोलला, माझ्या कपाळावर चिकटवला आणि आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून नखाने नीट घासला. त्यावर लिहिलं होतं, ‘उघड्यावर चालवा. दारं-खिडक्यांपासून लांब ठेवा. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.’ जगाशी बोलायला मला मिळालेली एवढीच वाक्यं. तेव्हा वाटलं, पुरेत की.

मग मी दुकानात आलो. दुकान एका जाड चष्म्याच्या बाईंचं होतं. आम्ही सगळे जनरेटर तिथे एका फळीवर ओळीने बसलेले. माझ्या उजवीकडे एक छोटा, हलका, स्वस्तात स्वस्त. डावीकडे एक गुळगुळीत, गोल खांद्यांचा, जो चालू असला तरी शेजारी बसून गप्पा मारता याव्यात इतका हळू चालायचा. त्याच्या किमतीची चिठ्ठी वाचली की लोक आपोआप एक पाऊल मागे सरकत. मी मधला. मधल्याचं नशीब तुम्हाला माहीत असेलच. लाड धाकट्याचे, मान थोरल्याचा, आणि कामाला मधला.

एक दिवस एक नवरा-बायको आले. दोघांच्याही कपड्यांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू होते. गाद्या, उशा, लोड आणि रजया शिवणारं ते घर. त्यांच्या लेकीसाठी ते आई आणि बाबा होते, म्हणून मीही त्यांना तेच म्हणतो. बाबा बाईंना सांगत होते की त्यांनी एक जुनी घरगाडी घेतलीय. म्हणजे आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज असलेली मोठी गाडी, प्रवासात तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. गाडीची स्वतःची बॅटरी मरतुकडी होती. आणि वीज तर लागणारच होती, कारण बाबांच्या वडिलांना, अण्णांना, झोपताना ऑक्सिजनचं यंत्र लागत असे.

अण्णांनी जन्मभर कापूस पिंजला होता. ते तंतू त्यांच्या छातीत जाऊन बसले आणि तिथून हलायला तयार होईनात. डोंगरापलीकडे एक मोठं तळं होतं. त्या तळ्याकाठच्या सगळ्या विश्रामगृहांना गाद्या अण्णांनीच शिवून पाठवल्या होत्या. गाद्या टेम्पोत चढवायच्या आणि आपण परत दाभण हातात घ्यायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता श्वास कमी पडू लागल्यावर ते एकदा हसत हसत म्हणाले होते की माझ्या गाद्यांनी तळं पाहिलं, मी नाही. ते हसण्यावारी गेलं नाही. मुलगा आणि सून दोघांच्याही मनाला लागलं. म्हणून ती घरगाडी, आणि म्हणून माझ्यासमोर उभे ते दोघं.

बाबा बोटांवर मोजत विचारू लागले. वजन एकट्याला उचलेल का? टाकी एकदा भरली की किती वेळ चालेल? यंत्र, फ्रिज आणि एक पंखा एकदम लावला तर पेलेल का? दुकानवाल्या बाईंनी समजावलं की फ्रिज सुरू होताना एक मोठा घोट घेतो, मग शांतपणे पीत राहतो. तो पहिला घोट धरून हिशेब करा. त्या घोटात माझ्या उजवीकडचा छोटा बाद झाला. डावीकडच्या शहाण्यापुढे बाबा बराच वेळ उभे राहिले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग आईकडे पाहिलं. आईने मान खाली घालून पिशवीचा बंद नीट केला. तिथेच ते ठरलं.

बाईंनी माझ्याबद्दल काही लपवलं नाही. टाकी लहान आहे, मध्येच पेट्रोल संपेल, सारखं लक्ष ठेवावं लागेल, म्हणाल्या. मग त्यांनी दुकानाबाहेर नेऊन मला सुरू करून दाखवलं. समोरच्या केस कापायच्या दुकानातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं.

“आवाज आहे हो,” आई म्हणाली.

“पदरी पडलं पवित्र झालं,” बाबा म्हणाले आणि मला उचलायला वाकले. बाई माझ्या कपाळावर बोटाने टकटक करत म्हणत होत्या, हे तेवढं वाचून घ्या. बाबा हो हो म्हणाले. पण माझ्या वजनाने त्यांचे दात आवळलेले होते, आणि वजन उचलताना कोणी वाचत नाही.

घरी अण्णा खाटेवर बसून वाट पाहत होते. बाबांनी त्या दुसऱ्या, शांत जनरेटरची खंत बोलून दाखवली तेव्हा अण्णा म्हणाले, “अरे, अंथरूण आपणच शिवतो. पाय किती पसरायचे ते आपल्याला कळायला नको?”

त्या घरात एक मुलगी होती. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला सुतळी म्हणत. गादी शिवायची ती सुतळी. तिने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, माझ्या दोरीचं टोक हुंगलं आणि माझं नाव गुरगुऱ्या ठेवलं. जनरेटरला नाव असतं हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर ती रोज शाळेतून आल्यावर माझ्या टाकीवर चापट मारायची आणि दिवसभरात काय काय झालं ते मला सांगायची. ती बोलायची थांबत नसे आणि मला बोलता येत नसे, त्यामुळे आमचं छान जमलं.

पण अंगणात मला पहिल्यांदा चालवलं, तेव्हा सुतळीने कानांत कापूस कोंबला आणि अण्णांनी हाताने खूण केली, बंद करा. असल्या आवाजात अण्णांना झोप कशी लागणार? तळ्याकाठचे बाकीचे लोक काय म्हणतील? बाबा डोकं खाजवत बसले. तेव्हा आई म्हणाली, “याला रजई शिवते.”

आता तुम्हीच सांगा, लोहाराच्या घरात प्रत्येक दुखण्यावर हातोडा सुचतो, तसं गादीवाल्याच्या घरात दुसरं काय सुचणार? थंडी वाजली, रजई. कोणी पडलं, गादी. कोणाला आवाजाचा त्रास, मग कापूस. आईने माझी मापं घेतली, जशी सुतळीच्या फ्रॉकसाठी घ्यायची तशी. उंची, रुंदी, घेर. जुन्या निळ्या गादीचं कापड काढलं, कापूस पुन्हा पिंजला, थर एकसारखा केला आणि कामं आटोपली की थोडा थोडा वेळ काढून टाके घालत राहिली. कधी स्वयंपाक चढवून, कधी सुतळीला झोपवून, एका गुडघ्यावर अण्णांच्या यंत्राची नळी पुसायला घेतलेली आणि दुसऱ्यावर माझा अंगरखा. दोरीसाठी भोक ठेवलं, प्लगसाठी ठेवलं. ज्यातून धूर बाहेर पडतो त्या सायलेन्सरसाठी गोल गळा ठेवला आणि त्याच्या काठाला लाल गोट लावला.

अंगरखा मला घातला तेव्हा सगळं घर पाहायला जमलं. सुतळीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी दोरी ओढली, आणि काय सांगू, माझी गुरगुर खरोखरच अर्धी झाली. अण्णांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला. जन्मभर दुसऱ्यांचे टाके तपासलेला तो अंगठा. आणि म्हणाले, उत्तम.

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. कोणत्या यंत्राच्या नशिबी असा अंगरखा असतो? त्या अभिमानात माझ्या लक्षातच आलं नाही की माझ्या कपाळावरचा लाल स्टिकर त्या निळ्या कापडाखाली गेला. आणि लक्षात आलं असतं तरी मी काय करणार होतो?

मित्रांनो, आम्ही तळ्यावर गेलो. पहिला दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता. ऊन होतं, वारा होता. बाबांनी लांब वायर ओढून मला मोकळ्या गवतात, गाडीपासून दूर ठेवलं. माझ्या विजेवर फ्रिजमध्ये दूध थंड राहिलं, पंखा फिरला, अण्णांचं यंत्र फुस्स फुस्स करत राहिलं. वायरीतून मला ते सगळं जाणवतं. फ्रिज अधाशी आहे, मध्येच घटाघटा पितो. पण अण्णांचं यंत्र तान्ह्या बाळासारखं, एका लयीत, डोळे मिटून प्यायल्यासारखं वीज ओढायचं. मला ते फार आवडायचं. वाटायचं, कोणीतरी माझ्या अंगावर विश्वासाने झोपलंय.

दुपार कलल्यावर बाबांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून पाण्याकाठी नेलं. अण्णांनी या काठापासून त्या काठापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, “काय चादर अंथरलीय. एक सुरकुती नाही.”

आमच्या शेजारी एक वयस्कर जोडपं त्यांची गाडी लावून होतं. त्यांच्याकडे तो गोल खांद्यांचा शांत जनरेटर होता. भले लोक. पण अंगरख्यातूनही माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात होताच. आजोबा सहज फिरत फिरत आले आणि हसून बाबांना म्हणाले की तुमचं बाळ जरा रडकं आहे. रागाने नाही, थट्टेने. पण बाबांचे कान लाल झाले. दुसऱ्याला त्रास दिला ही गोष्ट त्या माणसाला जेवू देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि सरी सुरू झाल्या. मला भिजू द्यायचं नाही हे बाबांना ठाऊक होतं. पाणी आणि वीज यांचं वैर, ते अगदी बरोबर. म्हणून त्यांनी मला उचललं आणि गाडीच्या बाजूला बांधलेल्या ताडपत्रीखाली, गाडीच्या भिंतीला खेटून ठेवलं. अण्णांच्या खिडकीच्या बरोबर खाली. शेजाऱ्यांकडे आवाज जाऊ नये म्हणून माझं तोंड, म्हणजे तो लाल गोटाचा गळा, भिंतीकडे फिरवलं. वायर आत घ्यायला खिडकी थोडी उघडी ठेवावी लागली, तर फटीतून पाऊस येऊ नये म्हणून आईने तिथे कापूस कोंबला. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. दार लावून घेतलं. अंगरख्याची कड खाली ओढून बसवली, मी गारठू नये म्हणून जशी एखाद्या मुलाची ओढतात तशी.

यातली एक तरी गोष्ट वाईट मनाने केलेली आहे का, सांगा. मला भिजू द्यायचं नव्हतं. शेजाऱ्यांना छळायचं नव्हतं. अण्णांच्या अंगावर थेंब पडू द्यायचा नव्हता. सगळी मायाच. आणि त्या मायेने मला भिंतीशी तोंड करून उभं केलं.

माझा धूर भिंतीवर आपटायचा आणि वर चढायचा. वर खिडकी होती. खिडकीत कापूस होता. कापूस पाणी अडवतो थोडं, काजळी अडवतो, पण हवा अडवत नाही, आणि तो न दिसणारा वायूही नाही. हे गादीवाल्याच्या घराला कोणी सांगायचं? त्यांच्या गाद्या मऊ असतात त्या त्याच गुणामुळे तर.

आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. सुतळी नेहमीसारखी बडबडत होती. मग म्हणाली, आई, डोकं दुखतंय. आई म्हणाली, काल उन्हात हुंदडलीस त्याचं आहे, जरा पड. सुतळी म्हणाली, मळमळतंय पण. आई म्हणाली, गाडी लागली असेल, डोळे मिट. बाबांनी मोठी जांभई दिली. अण्णा म्हणाले, माझीच गादी ही, चांगली शिवलीय, पडल्या पडल्या झोप येते बघा. सगळे हसले. ते हसणंही जडच होतं, ओल्या कापसासारखं. मग एकेकाचा आवाज बंद झाला.

सुतळीचा आवाज बंद झाला तेव्हा मी घाबरलो. ती झोपेतसुद्धा काही ना काही पुटपुटते.

मित्रांनो, त्या वेळी मी काय काय करून पाहिलं म्हणून विचारू नका. काहीच केलं नाही. करता येतच नाही. माझ्या अंगात आग आहे, ताकद आहे, पण माझ्या इच्छेला हात नाहीत. थांबायचं बटण माझ्याच पोटावर आहे, आणि ते मला दाबता येत नाही. कपाळावरची वाक्यं कापसाखाली गुदमरलेली. ओरडत तर मी होतोच, सारखा ओरडत होतो. पण माझ्या ओरडण्याला लोक काम म्हणतात. आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला अण्णांचं यंत्र त्याच लयीत, त्याच विश्वासाने, वीज पीत होतं. मी एका हाताने श्वास देत होतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होतो.

असा किती वेळ गेला कोण जाणे. मग माझा सूर तुटला. एक आचका, दुसरा आचका. टाकीच्या तळाचा शेवटचा थेंब जळला आणि मी बंद पडलो. ज्या लहान टाकीला दुकानात नावं ठेवली, ज्या टाकीपायी बाबांनी कालपासून दोनदा कपाळाला हात लावला होता, ती टाकी संपली.

ताडपत्रीवर पावसाचा आवाज तेवढा राहिला. आणि मग आत अण्णांच्या यंत्राने टीं टीं करायला सुरुवात केली. वीज गेली की ते तसं ओरडतं.

त्या आवाजाला एकच माणूस जागं होणार होतं. घरी वीज जायची तेव्हा आई त्या टीं टीं ला कितीही गाढ झोपेतून उठायची, दूध उतू जातंय असं कळल्यासारखी. तिचे कान त्याला बांधलेलेच होते. आत काहीतरी पडलं. भांडं असावं. मग दार उघडलं आणि ती बाहेर आली. चालत नाही, दाराच्या चौकटीला धरून, बसत, घसरत. पायरीवर तिला उलटी झाली. पदराने तोंड पुसून ती माझ्याकडे आली. तिचे डोळे उघडे होते, पण ती अजून जागी नव्हती. तिला एवढंच कळत होतं की अण्णांचं यंत्र बंद पडलंय आणि ते सुरू करायचंय.

तिने कॅन उचलला. अंगरख्याची कड वर सारून झाकण उघडलं, पेट्रोल ओतलं, निम्मं बाहेर सांडलं. दोरी धरली आणि ओढली. हाताला जोर नव्हता. मी खोकलो. तिने पुन्हा ओढली. “चालू हो ना रे,” ती म्हणाली, “अण्णांसाठी चालू हो.”

माझी सगळी फुशारकी एकाच गोष्टीची होती, की मी पहिल्या झटक्याला सुरू होतो. त्या क्षणी मी देवाला म्हणालो, मला गंजव, माझी दोरी तोड, पण मला सुरू करू नकोस. सुरू झालो असतो तर ती समाधानाने आत गेली असती, दार लावून घेतलं असतं, आणि सुतळीच्या शेजारी जाऊन झोपली असती. देवाने ऐकलं की तापलेल्या इंजिनाने, मला माहीत नाही. मी पुन्हा खोकलो आणि गप्प झालो.

सुरू होईना तेव्हा चोकचा खटका शोधायला तिने अंगरखा ओढून माझ्या डोक्यावरून काढून टाकला. स्वतःच्या हाताने घातलेला, स्वतःच्या हाताने काढला. आणि माझं कपाळ उघडं पडलं.

तिने स्टिकर पाहिला. पाऊस तिरपा येत होता, थंड हवा तिच्या तोंडावर मारत होती, आणि तिचं डोकं हळूहळू परत येत होतं. शाळेतल्या मुलीसारखं अक्षरांवर बोट ठेवून तिने वाचलं. उघड्यावर चालवा. दारं-खिडक्यांपासून लांब. तिने वर पाहिलं. गाडीच्या पांढऱ्या भिंतीवर माझ्या तोंडापासून खिडकीपर्यंत काळा पट्टा उमटला होता. खिडकीतला पांढरा कापूस काळा झाला होता.

मग तिने जी हाक मारली ती मला अजून ऐकू येते. नाव कोणाचंच नव्हतं त्यात.

ती आत धावली आणि सुतळीला काखेत धरून ओढत बाहेर घेऊन आली, गवतावर ठेवलं, पुन्हा आत गेली. बाबांना तिने अक्षरशः थोबाडीत मारून जागं केलं. दोघांनी मिळून अण्णांना गादीसकट बाहेर खेचलं. ती अण्णांनीच शिवलेली गादी होती, कडेचे कान मजबूत होते, म्हणून हातात धरता आली. हाक ऐकून शेजारचं जोडपं आलं. आजोबांनी छत्री आणली होती, ती त्यांनी उघडलीच नाही. प्रवासासाठी ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर अण्णांच्या नाकाला लावला. आणि सुतळी तशीच पडली होती, पावसात, तोंड उघडं, मोकळ्या सोडलेल्या दोऱ्यासारखी. आई तिचे गाल चोळत होती, तळवे चोळत होती, आणि मी तिथे चार रबरी पायांवर उभा होतो.

सुतळीने आधी श्वास घेतला की आधी रडली ते मला सांगता येणार नाही. पण ती रडली. नुकतंच जन्मलेलं मूल रडतं तशी, रागावून. त्यावर आईही रडली, आणि बाबा गवतात गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, लाथ मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. शेजाऱ्यांनी सगळ्यांना त्यांच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी तिथेच राहिलो. रजईचा अंगरखा चिखलात पडला होता आणि हळूहळू फुगत होता.

सगळे वाचले, मित्रांनो. हे आधीच सांगायला हवं होतं का? मलाही ते त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. मला कळलं तेव्हा, जेव्हा बाबा गाडी न्यायला परत आले, शेजारच्या आजोबांना म्हणाले की सगळे शुद्धीवर आहेत, आणि मला गाडीत मागच्या बाजूला टाकून निघाले.

घरी आल्यावर आईने अंगरखा उसवला. कापसाला धुराचा वास होता. त्या घरात जुना कापूस कधी टाकत नसत, पिंजून पुन्हा वापरत. टाकून दिलेला तो पहिला कापूस. आई रडत होती की मीच शिवला, माझ्याच हातांनी शिवला. तेव्हा खाटेवरून अण्णा म्हणाले, “अगं, टाका चुकला नाही तुझा. जागा चुकली.”

त्यानंतर मला घरच्या गाद्यांच्या कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवलं, पिंजण्याच्या यंत्रामागे. कोणी पुसलं नाही, कोणी चालवलं नाही. टाकीत राहिलेलं पेट्रोल आंबून घट्ट झालं आणि माझ्या नळ्या चिकटल्या. सुतळी शाळेतून येऊन आता चापट मारत नसे. तिला कोणी मनाई केली नव्हती. पण आई मला पाहून तोंड फिरवते हे मुलांना कळतं. अंगावर कापसाचे तंतू साचत गेले आणि मला पुन्हा एक अंगरखा चढला, या वेळी कोणी न शिवलेला.

अण्णा पुढे बरेच दिवस जगले आणि मग त्यांच्या जुन्याच आजाराने, स्वतःच्या अंथरुणावर गेले. जाईपर्यंत ते आल्यागेल्याला तळ्याचीच गोष्ट सांगायचे. सुरकुती नसलेल्या चादरीची. बाकीची नाही.

आता घरगाडी विकायची आहे, आणि तिच्यासोबत मीही. सुतळीच्या बाबांनी माझ्या नळ्या साफ केल्या, नवं पेट्रोल घातलं, आणि काय आश्चर्य, मी पहिल्या झटक्याला सुरू झालो. गेल्या रविवारी एक तरुण जोडपं बघायला आलं होतं. बायकोच्या कडेवर तान्हं बाळ. स्वस्तातला हवा होता त्यांना, आणि मी तसाच आहे. त्याने वजन विचारलं, टाकी विचारली, फ्रिज पेलेल का विचारलं. अगदी तेच प्रश्न. आई खिळ्यावरची लांब वायर घेऊन आली, तिचं एक टोक माझ्याजवळ ठेवलं आणि वायर उलगडत उलगडत अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत चालत गेली.

“एवढ्या लांब,” तिथून ती म्हणाली. “तोंड तिकडे. पाऊस आला तर बंद करायचा, जवळ आणायचा नाही. ही वायर घेणार असाल तर हा देईन, नाहीतर नाही.”

तो मुलगा हसून हो म्हणाला. मग मला सुरू करून बघितलं तसं बाळ दचकून रडू लागलं. ती मुलगी बाळाला थोपटत म्हणाली, “आवाज फार आहे ना, ताई. यावर काहीतरी पांघरूण घालता येईल का?”

आई फाटकापासून परत आली. मला बंद केलं. बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग म्हणाली, “आवाजाने झोप जाते, बाळा. तेवढीच जाते.” आणि तिने दोघांना ओट्यावर बसवलं आणि त्या दुपारची सगळी गोष्ट सांगितली. तिच्या तोंडून ती मी पहिल्यांदा ऐकली.

ते उद्या मला न्यायला येणार आहेत. त्यांनी ऐकलंय, मानाही डोलावल्या आहेत. पण पाऊस येतो तेव्हा, शेजारी रागावतात तेव्हा, बाळ झोपत नाही तेव्हा ऐकलेलं किती आठवेल, मला माहीत नाही. माझ्या कपाळावरचा स्टिकर सांडलेल्या पेट्रोलने आणि धुळीने आता पार फिकट झालाय. ‘लांब ठेवा’ एवढंच जेमतेम दिसतं, तेही जवळ वाकून पाहिलं तर. तो पुसला की माझ्याजवळ बोलायला काही उरणार नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं, मित्रांनो. माझ्यासारखा कोणी कुठे भिंतीशी, खिडकीखाली, पांघरुणात गुरगुरताना दिसला, तर तो लाडात आहे असं समजू नका. त्याला उघड्यावर न्या, लांब ठेवा, आणि आत कोणी झोपलं असेल तर आधी दार उघडा. त्याचं थांबायचं बटण त्याच्या पोटावर असतं. पण बोट तुमचं लागतं.